जुन्या मोटारीचीं नवीं ज्ञानेंद्रियें व त्यांस लागणारी वीज



ज्या घरांत एखादी जुनी मोटार वडिलोपार्जित दागिन्याप्रमाणें जपून ठेविलेली असते, त्या घरांतील मंडळींना आजचा विषय जवळचा वाटेल. इतरांनाहि तो अगदींच परका वाटूं नये. कारण मोटारीच्या निमित्तानें मी जें सांगणार आहें तें मुख्यतः विजेच्या जाण्यायेण्याच्या वाटेविषयीं आहे, आणि वीज आतां कोणाच्या घरीं नाहीं?

२०२३ च्या ऑक्टोबरअखेर पद्मिनी मुंबईच्या रस्त्यांवर टॅक्सी म्हणून दिसेनाशी झाली, ही गोष्ट आपणांस आठवत असेल. १९६४ पासून कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यांतून प्रथम फियाट व पुढें पद्मिनी या नांवानें निघालेली ही चार सिलिंडरांची, १०८९ घन सेंटिमीटरांच्या इंजिनाची गाडी. टॅक्सी म्हणून तिचें आयुष्य नियमानें संपलें, तरी हौशी मालकांनीं राखलेल्या कित्येक पद्मिनी अजून धांवत आहेत. माझ्या एका स्नेह्यापाशीं तशी एक आहे. ती त्याच्या वडिलांनीं घेतलेली, आणि मोटार चालविण्याचे पहिले धडे त्याला मिळाले तेहि तिच्यावरच. एका पावसाळ्यांत खंडाळ्याच्या घाटांत या गाडीच्या इंजिनाचा एक व्हॉल्व्ह जळाला. विशेष हें कीं, असें होऊं नये म्हणून त्यानें त्याच वर्षीं बरेच पैसे खर्चून इंजिनास एक नवें मापक यंत्र बसविलें होतें, आणि तें यंत्र घाटभर त्याला सर्व कुशल असल्याचें सांगत होतें. यंत्र खोटें नव्हतें. तें खोटें कां बोललें याचा शोध घेतां घेतां जें हातीं लागलें, तेंच आज आपल्यापुढें मांडावयाचें आहे.

प्रथम इंधनाची गोष्ट. शुद्ध पेट्रोलाचा एक भाग पुरता जळावयास वजनानें सुमारें १४.७ भाग हवा लागते. हें झालें तोललेलें प्रमाण. सपाट रस्त्यावर इंजिन या प्रमाणाच्या आसपास सुखानें चालतें. परंतु चढावर, सर्व भार अंगावर घेऊन इंजिन ओढूं लागलें म्हणजे त्याला पेट्रोल थोडें अधिक द्यावें लागतें; साडेबारा ते तेरा भाग हवेस एक भाग, इतकें. या जादा पेट्रोलानें शक्ति तर वाढतेच, पण सिलिंडरांतील उष्णताहि आटोक्यांत राहते. मिश्रणांत पेट्रोल अधिक असलें तर त्याला दाट म्हणूं, हवा अधिक असली तर विरळ. दाट मिश्रणानें पैसा जळतो व प्लग काळे होतात. भर चढावर विरळ मिश्रण झालें तर ज्यांच्या अंगावरून तापलेला धूर बाहेर पडतो ते व्हॉल्व्ह जळतात. पहिलें नुकसान खिशाचें, दुसरें इंजिनाचें.

जुन्या गाड्यांच्या मालकांना हा हिशेब अलीकडे नव्यानें करावा लागत आहे, त्याचें कारण इथेनॉल. आपल्या पंपांवरील पेट्रोलांत तें गेलीं कांहीं वर्षें वाढत्या प्रमाणांत मिसळलें जात असून २०२५ पर्यंत हें प्रमाण शेंकडा वीसपर्यंत पोंचलें. इथेनॉलाच्या रेणूंत स्वतःचाच प्राणवायु असल्यामुळें त्याला बाहेरची हवा कमी पुरते. एका भागास सुमारें नऊच भाग. त्यामुळें वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलाचें तोललेलें प्रमाण १४.७ न राहतां साडेतेराच्या जवळ येतें. नव्या गाडींत हें ओळखणारा सेन्सर असतो व त्याच्या सांगण्यावरून संगणक पेट्रोल वाढवितो. पद्मिनीच्या कार्ब्युरेटरांत मात्र पितळेच्या जेटाला पाडलेलें एक बारीक भोंक असतें, आणि तें भोंक कारखान्यांत ज्या मापाचें पाडलें त्याच मापाचें राहतें. आंत येणारें द्रव बदललें हें त्या बिचाऱ्याला कळावें कसें? पूर्वीं जें मिश्रण बरोबर होतें, तेंच आतां आठनऊ टक्क्यांनीं विरळ ठरतें. जेट बदलणें हा त्यावरचा उपाय आहे. पण किती मोठा जेट घालावा हें ठरवावयास मोजमाप हवें.

जुने मिस्त्री प्लग काढून त्याचा रंग पाहत, धुराचा वास घेत, आणि त्यांचा अंदाज पुष्कळदां आश्चर्य वाटावें इतका अचूक येई. ही विद्या मी कमी लेखीत नाहीं. पण रंग दिसतो तो चढ संपल्यावर. चढ चालूं असतां काय घडत होतें हें रंग सांगत नाहीं. तें सांगणारा सेन्सर धुराच्या नळींत बसवितात. धुरांत प्राणवायु किती उरला आहे, किंवा तो उलट कमीच कसा पडला आहे, हें तो ओळखतो. बॉश कंपनीनें या जातीचा सेन्सर १९७६ सालीं प्रथम बाजारांत आणला व तो व्होल्वोच्या गाड्यांत बसूं लागला. त्या पहिल्या जातीला मिश्रण तोललेल्या प्रमाणाच्या अलीकडे आहे कीं पलीकडे एवढेंच कळे. पुढें निघालेली रुंद पल्ल्याची जात मिश्रण किती दाट वा किती विरळ आहे हें आंकड्यांत सांगते. हौशी मंडळी बसवितात ती हीच.

या सेन्सराचें काळीज म्हणजे झिर्कोनियाची चिनीमातीसारखी एक चकती. हा पदार्थ मोठा विलक्षण आहे. थंड असतां तो विजेला जवळजवळ वाटच देत नाहीं. खूप तापविला म्हणजे त्याच्यांतून प्राणवायूचे विद्युद्भारित कण वाहूं लागतात. वाल्थर नर्न्स्ट या जर्मन शास्त्रज्ञानें, ज्याला पुढें १९२० चें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें, १८९७ सालीं याच जातीच्या पदार्थाचा एक विजेचा दिवा काढला होता. गंमत अशी कीं, तो दिवा नुसतें बटण दाबून लागत नसे. आधीं कांडी किंवा स्पिरिटचा दिवा धरून त्याची कांडी तापवावी लागे. आपला सेन्सर त्या दिव्याचा वंशज आहे, आणि घराण्याचा तो स्वभाव त्यानें सोडलेला नाहीं. तो सुमारें ७८० अंश सेंटिग्रेडपर्यंत तापलेला असेल तरच खरें बोलतो. धुराच्या उष्णतेवर विसंबून तें साधत नाहीं, म्हणून त्याच्या पोटांत एक छोटी शेगडी असते आणि ती विजेवर चालते.

येथें आपण आजच्या विषयाच्या दाराशीं आलों. ही शेगडी आरंभीं दोन ते तीन अँपिअर प्रवाह ओढते व तापल्यावर एकाच्या आसपास स्थिरावते. शेगडीचें तापमान सांभाळणारी, सेन्सराचा संदेश वाचणारी व त्याचें मापकाला कळेल अशा दाबांत रूपांतर करणारी एक लहानशी पेटी असते. तिला नियंत्रक म्हणूं. नियंत्रक शेगडी एकदम पेटवीत नाहीं. थंड नळींत पाण्याचे थेंब जमलेले असतात, आणि तापलेल्या चिनीमातीवर पाणी पडलें तर ती तडकते, म्हणून तो हळूहळू उष्णता वाढवितो. सेन्सर नळीवर आडवा न बसवितां तारेची बाजू वर ठेवून निदान दहा अंश तिरपा बसवावा असें सांगतात, तें याच थेंबांमुळें. याच्या उलट चूक म्हणजे सेन्सर नळींत ठेवून त्याची वीज बंद करणें. थंड सेन्सरावर काजळी बसत जाते व तो अकालीं मरतो. सेन्सर नळींत असेल आणि इंजिन चालूं असेल, तर शेगडी पेटलेलीच हवी.

मग वीज घ्यावी कोठून? पहिला मोह सिगारेट पेटविण्याच्या खोबणीचा. ती हाताशीं असते, आणि दूरध्वनि भरून घेण्यास ठीकहि आहे. पण तिच्यांतील स्पर्श सैल असतो, खड्ड्याखड्ड्याला सुटतो, आणि प्रत्येक सुटण्याबरोबर शेगडी विझून पुन्हां पहिल्यापासून तापूं लागते. दुसरा मोह इग्निशन कॉइलच्या धन टोंकाचा. चावी फिरवितांच तेथें वीज येते, शिवाय तें इंजिनाजवळच असतें, म्हणून पुष्कळ हौशी वायरमन तेथूनच तार काढतात. ही जागा गाडींतील सर्वांत गोंगाटाची. पॉइंट उघडतांना कॉइलच्या दुसऱ्या टोंकावर क्षणभर कांहींशें व्होल्टांचा झटका उसळतो व त्याचे पडसाद या बाजूसहि उमटतात. कांहीं गाड्यांत तर कॉइलच्या आधीं मुद्दाम एक रोध घातलेला असतो; तेथें चालत्या इंजिनांत बाराऐवजीं सातआठ किंवा नऊच व्होल्ट मिळतात. अशा पुरवठ्यावर शेगडी कशी तापावी?

तिसरी वाट चावीपासून फ्यूजच्या पेटीकडे येणाऱ्या तारेची. ही पुष्कळशी बरी. पण चाळीस वर्षें वापरलेल्या चावीच्या आंतील पितळ झिजलेलें असतें आणि फ्यूजच्या चिमट्यांवर हिरवट गंज चढलेला असतो. त्या तारेवर आधींच जें ओझें आहे तेंच ती कसेंबसें वाहत असते. म्हणून माझें मत असें कीं, चावीकडून फक्त निरोप घ्यावा, वीज घेऊं नये. निरोप्याचें हें काम रिले करतो. रिलेच्या वेटोळ्याला अँपिअरचा सहावासातवा भाग पुरतो. तेवढा चावीकडून घ्यावा, आणि रिलेच्या स्पर्शांतून जाणारा मोठा प्रवाह थेट बॅटरीच्या धन टोंकावरून वेगळ्या तारेनें आणावा. या तारेवर बॅटरीपासून वीतभर अंतरावर पांच अँपिअरचा फ्यूज घालावा. फ्यूज यंत्राला वांचवितो असा समज आहे. तो वांचवितो तारेला. फ्यूज तारेच्या दुसऱ्या टोंकाला, डॅशबोर्डाखालीं बसविला, आणि मधल्या वाटेंत कोठें तार पत्र्यावर घासून उघडी पडली, तर बॅटरीची सगळी शक्ति त्या उघड्या जागीं लोटते व फ्यूज स्वस्थ पाहत बसतो. जुन्या गाड्यांना लागणाऱ्या आगींत अशा मागाहून ओढलेल्या तारांचा वांटा मोठा असतो. आणि पेट्रोलाची नळी त्याच भागांतून जात असते, हें विसरतां येत नाहीं.

रिले चावीवर चालविण्यांत एक उणीव उरते. चावी फिरविली पण इंजिन सुरू केलें नाहीं, असा वेळ पुष्कळदां जातो. तेवढ्यांत शेगडी तापते, आणि मग इंजिन सुरू होतांच नळींतलें गार पाणी तिच्यावर उडतें. शिवाय सेल्फ मारतांना बॅटरीचा दाब नऊदहा व्होल्टांवर, थंडींत त्याहूनहि खालीं येतो व नियंत्रक गोंधळतो. यावर एक सुरेख तोड आहे. तेलाचा दाब दाखविणारा तांबडा दिवा ज्या स्विचवर चालतो, तो स्विच दाब नसतांना जोडलेला व दाब आल्यावर तुटलेला असतो. दुसरा एक रिले, ज्याचे स्पर्श वेटोळ्यांत वीज नसतांना जुळलेले असतात असा, त्या दिव्याच्या जोडीला बसवावा, आणि पहिल्या रिलेमधून आलेली वीज या दुसऱ्याच्या स्पर्शांतून पुढें न्यावी. चावी फिरविली, इंजिन बंद आहे : तेलाचा दाब नाहीं, दुसऱ्या रिलेचें वेटोळें ओढलेलें, स्पर्श तुटलेले, शेगडी बंद. इंजिन सुरू झालें : दाब आला, वेटोळें सुटलें, स्पर्श जुळले, शेगडी पेटली. चावी बंद केली तर पहिला रिलेच सुटतो, त्यामुळें दुसऱ्याचे स्पर्श जुळलेले असले तरी वीज पोंचत नाहीं. दोन रिले, थोडी तार आणि एक रविवार, एवढ्यांत हें काम होतें.

आतां वीज येते तितकीच ती परत जावी लागते, आणि आमच्या स्नेह्याचा घात झाला तो या परतीच्या वाटेवर. मोटारींत प्रत्येक उपकरणाला येण्याची तार असते. परतीचें काम गाडीचें लोखंडी अंगच करतें. त्यालाच आपण अर्थिंग म्हणतों. कारखान्यांतून गाडी निघते तेव्हां हें अंग स्वच्छ असतें. पुढें स्क्रूखालीं गंज शिरतो, रंगाचे थर चढतात, इंजिन व सांगाडा यांना जोडणारी विणलेली पट्टी कुरतडल्यासारखी होते. दिवा लागतो, भोंगा वाजतो, म्हणून कोणाच्या लक्षांत येत नाहीं. वाटेंत अर्धा व्होल्ट गळाला तर दिवा किंचित् मंद होतो इतकेंच. पण ज्याच्या बोलण्यांत एका व्होल्टाला मोठा अर्थ आहे, त्या मापकाचें काय?

त्याच्या नियंत्रकाची भाषा अशी होती कीं, शून्य व्होल्ट म्हणजे दहा आणि पांच व्होल्ट म्हणजे वीस. म्हणजे एका व्होल्टाला प्रमाणाचे दोन अंक. नियंत्रकाचें अर्थिंग त्यानें इंजिनावर नीट केलें होतें. मापक मात्र डॅशबोर्डावर होता, आणि त्याची परतीची तार त्यानें सोय म्हणून डॅशबोर्डाखालच्या एका जुन्या स्क्रूखालीं दाबली. त्याच स्क्रूवरून वायपरचा, मागाहून बसविलेल्या पंख्याचा, रेडिओचा व मापकांच्या दिव्यांचा प्रवाह परत जात होता. पावसांत हीं सर्व चालूं असतां तो प्रवाह सुमारें सात अँपिअर भरला. गंजलेल्या स्क्रूचा रोध एका ओहमचा दहावा भाग. साताला दहानें भागा : सात दशांश व्होल्ट. म्हणजे ज्या जमिनीवर उभें राहून मापक नियंत्रकाचा निरोप मोजत होता, ती जमीनच सात दशांश व्होल्टांनीं वर उचलली गेली होती. नियंत्रक सांगे २.२ व्होल्ट, म्हणजे प्रमाण १४.४, मापकाला ऐकूं येई दीड व्होल्ट, म्हणजे १३. भर चढावर तेरा म्हणजे उत्तम. त्यानें जेट बदलला नाहीं. बदलण्याचें कारणच दिसत नव्हतें.

जातां जातां एक खुलासा. मापकावरील आंकडे शुद्ध पेट्रोलाच्या भाषेंतले असतात. सेन्सराला इंधन कोणतें तें कळत नाहीं. मिश्रण तोललेल्या प्रमाणापासून किती दूर आहे एवढेंच त्याला कळतें, आणि तोललेलें असलें कीं मापक १४.७ दाखवितो, मग टांकींत इथेनॉल असो वा नसो. त्यामुळें नव्या पेट्रोलासाठीं मापकावरील लक्ष्य बदलावें लागत नाहीं. बदलावा लागतो तो जेट.

मिस्त्रीच्या मतें तो व्हॉल्व्ह आधींच थकलेला होता, आणि केवळ एका पावसाळ्यानें तो जळला असें मीहि म्हणणार नाहीं. पण तोललेल्या प्रमाणाला टेकलेलें मिश्रण घेऊन भरल्या गाडीनें घाट चढत राहणें हें त्याला पेलणारें नव्हतें, आणि ज्या यंत्रानें इशारा द्यावयाचा तें गप्प बसलें होतें. चुटपुट लावणारी गोष्ट निराळीच आहे. खूण दिसली होती. वायपर लावले कीं आंकडा खालीं येतो व बंद केले कीं वर जातो, हें त्याच्या ध्यानांत आलें होतें. पण पावसाळी हवा दमट, त्यामुळें मिश्रण बदलत असेल, अशी त्यानें स्वतःची समजूत करून घेतली. हवेंतला ओलावा वायपरचें बटण दाबून येतजात नाहीं.

ही तपासणी कोणालाहि करतां येते. इंजिन चालूं ठेवावें, दिवे, वायपर, पंखा सगळें लावावें, आणि साधा व्होल्टमीटर घेऊन त्याचें एक टोंक बॅटरीच्या ऋण टोंकावर व दुसरें मापकाच्या अर्थिंगावर धरावें. येथें शून्य यावयास हवें; व्होल्टाचा दहावा भाग आला तरी शंका घ्यावी. धन बाजूकडेहि असेंच, बॅटरीचें धन टोंक आणि नियंत्रकाची येणारी तार यांमध्यें. नवी, एक चौरस मिलिमीटर जाडीची तांब्याची तार तीन मीटर लांब असली व तिच्यांतून तीन अँपिअर जात असले, तरी फार तर एक षष्ठांश व्होल्ट गळतो. त्याहून पुष्कळ अधिक दिसला तर दोष तारेचा नसून सांध्याचा. प्रवाह वाहत नसतांना हें मोजण्यांत अर्थ नाहीं, कारण पाणी वाहत नसलें तर नळ कोठें तुंबला आहे तें दिसत नाहीं. उपायहि सोपा आहे : मापकाची परतीची तार पत्र्यावर न सोडतां थेट नियंत्रकाच्याच अर्थिंगाच्या जागीं न्यावी, म्हणजे बोलणारा व ऐकणारा एकाच जमिनीवर उभे राहतात. कांहीं नियंत्रक आंकडा दाबाच्या रूपानें न पाठवितां संगणकी भाषेंत पाठवितात. त्यांना ही व्याधि जडत नाहीं.

इतर सेन्सरांविषयीं थोडक्यांत सांगतों. हवेच्या नळींतील दाब मोजणारा सेन्सर, किंवा थ्रॉटल किती उघडला आहे तें सांगणारा, यांना शेगडी नसते व प्रवाह अगदीं अल्प, अँपिअरचा शतांशहि नाहीं इतका, लागतो. पण तो बारा व्होल्टांचा चालत नाहीं. पांच व्होल्टांचा, आणि अगदीं स्थिर लागतो. पुरवठा शेंकडा चारांनीं हलला कीं त्यांचें उत्तरहि तितकेंच हलतें. दोन रोध घालून बाराचे पांच करणें ही येथें निव्वळ फसवणूक, कारण बॅटरी कधीं बारा तर कधीं चौदा व्होल्टांवर असते. त्यासाठीं दाब स्थिर ठेवणारा तीन पायांचा नियामक मिळतो, ७८०५ या क्रमांकाचा. त्याच्या आधीं झटके गिळणारा एक डायोड मात्र अवश्य घालावा. आल्टरनेटर असलेल्या गाडींत इंजिन चालूं असतां बॅटरीची तार निसटली तर क्षणभर ऐंशी व्होल्टांच्याहि वर उसळी येऊं शकते, आणि हा नियामक पस्तिसापर्यंतच सोसतो. धुराची उष्णता मोजणारें के जातीचें थर्मोकपल तर स्वतःच वीज निर्माण करतें; पण एका अंशाला एका व्होल्टाचे चाळीसएक दशलक्षांश एवढीच. म्हणजे अर्थिंगांत चार सहस्रांश व्होल्टांची चूक झाली कीं उष्णतेंत शंभर अंशांचा फरक! वायपरच्या स्क्रूची गोष्ट येथें किती अनर्थ करील याचा विचार करावा.

आणखी दोन सावधगिरीच्या गोष्टी. पद्मिनीहून जुन्या कित्येक गाड्यांत, विशेषतः ब्रिटिश घडणीच्या, बॅटरीचें धन टोंक सांगाड्याला जोडलेलें असतें. एमजीबी ही गाडी १९६२ सालीं निघाली ती अशीच होती व १९६७ च्या सुमारास ती उलटून ऋण झाली. फोक्सवॅगनची बीटल साठीच्या दशकाच्या मध्यापर्यंत सहाच व्होल्टांवर चाले. आजचीं सर्व यंत्रें ऋण अर्थिंग व बारा व्होल्ट गृहीत धरून केलेलीं असतात, म्हणून अशा गाडींत पहिली तार जोडण्याआधीं बॅटरी पाहून घ्यावी. दुसरें असें कीं, जुन्या गाड्यांत आल्टरनेटर नसून डायनॅमो असतो. लूकसचा सी-४० जातीचा प्रसिद्ध डायनॅमो घ्या. त्याची कमाल बावीस अँपिअर. रात्रीं पावसांत समोरचे दिवे साडेसात, इग्निशन तीनचार, वायपर तीन, मागचे व आंतले दिवे दोन, असे सोळाएक अँपिअर खर्चीं पडतात. उरलेल्या सहांतून बॅटरी भरावयाची व हीं नवीं ज्ञानेंद्रियेंहि जगवावयाचीं. चालत्या गाडींत हें निभतें. सिग्नलपाशीं इंजिन संथ झालें कीं डायनॅमो कांहींच देत नाहीं, तांबडा दिवा लुकलुकतो, आणि सगळा भार बॅटरीवर येतो. म्हणून संथ चालीचें मिश्रण जुळवितांना दिवे, पंखे बंद ठेवावे व बॅटरी भरलेली असावी. दाब एका मर्यादेखालीं गेला तर शेगडी थंडावते आणि आंकडा भरकटतो.

जुन्या मोटारींत रेडिओ लावला म्हणजे इंजिनाच्या गतीबरोबर कडकड ऐकूं येते, ती आपल्यापैकीं अनेकांनीं ऐकली असेल. तोच आवाज सेन्सराच्या तारांनाहि ऐकूं येतो. प्लगच्या जाड तारांपासून त्या हातभर दूर न्याव्या, ओलांडाव्या लागल्या तर काटकोनांत ओलांडाव्या, आणि प्लगच्या तारा रोध असलेल्या घालाव्या. कडकड जितकी कमी, तितका आंकडा स्थिर.

माझ्या स्नेह्यानें इंजिन उघडून व्हॉल्व्ह बदलले. डॅशबोर्डाखालचा तो स्क्रू काढून पत्रा चकचकीत घासला, पण मापकाची तार पुन्हां तेथें लाविली नाहीं. ती नियंत्रकाच्या शेजारीं इंजिनावर नेली. मग पहिल्यांदा जो आंकडा दिसला तो पाहून त्यानें निमूटपणें एक माप मोठा जेट मागविला. पुढच्या श्रावणांत आम्ही दोघे त्याच घाटानें वर गेलों. पाऊस होता. अर्ध्या चढावर, मीं कांहीं न विचारतां, त्यानें वायपर बंद केले, पुन्हां लावले, पुन्हां बंद केले. कांचेवर पाण्याचा पडदा आला आणि गेला. मापकावर १२.९ होतें, तें तसेंच राहिलें.